पावसाची बेगमी

सह्याद्रीतील थळ घाट जेथे संपतो, तेथे समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर इगतपुरी हे गाव वसले आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग ह्या डोंगरांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला भार येथेच रिता करतात. म्हणूनच इगतपुरीला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. ईशान्येस अवघ्या ४५ किलोमीटरांवर असलेल्या नाशिक शहरात मात्र तो सुमारे ७०० मिलिमीटरच असतो. म्हणजे नाशिकच्या चौपट पाऊस इगतपुरीच्या कौलांवर कोसळतो! जून ते सप्टेंबर असे चार महिने तेथील गृहिणीला सूर्याचे दर्शन दुर्लभ होते. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटते, काडी ओढली तरी पेटत नाही आणि भिंतींना ओल येते. अशा ठिकाणी घर चालवणे ही सोपी गोष्ट नव्हे. ती एक कला आहे आणि त्या कलेचा पहिला पाठ म्हणजे बेगमी.

बेगमी म्हणजे पुढे येणाऱ्या दिवसांची आगाऊ तरतूद. मुंगी जे उपजत बुद्धीने करते, तेच मनुष्य विचाराने करतो. वैशाखाचे ऊन तापू लागले, की इगतपुरीच्या जुन्या घरांतून ह्या तरतुदीची लगबग सुरू होते. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून शिजवावयाचा आणि सोऱ्यातून त्याच्या कुरडया पाडावयाच्या. डाळींना ऊन दाखवावयाचे. तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि हळदीत व तिखटात हिंगाचे खडे घालून ठेवावयाचे. कैरीच्या फोडी मिठात मुरवून चिनी मातीच्या बरणीत भरावयाच्या आणि त्यांवर चार बोटे तेल राहील असे पाहावयाचे. तेलाचा हा थर फोडींना हवा लागू देत नाही. म्हणून लोणचे वर्षभर टिकते. शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात जे पुढे केव्हातरी वाचावयास मिळते, ते घरातील आजीच्या हाताला आधीच ठाऊक असते.

अशाच एका घरातील बारा वर्षांच्या मुलाने एके दिवशी आजीला विचारले, "आजी, पापड तर दुकानात मिळतात. मग एवढा खटाटोप कशाला?"

आजी हसून म्हणाली, "मिळतात बाळ, आणि चांगले मिळतात. विकत घ्यायला मनाई कोणाची आहे? पण पाचजणी मिळून लाटायला बसल्या म्हणजे नुसते पापडच होत नाहीत. कोणाच्या घरी दुखणे आहे, कोणाची लेक माहेरी आली आहे, कोणाच्या डब्यातले धान्य सरले आहे, हे सारे त्या पोळपाटाभोवती कळते. दुकानातल्या पुड्यातून ते कसे कळेल?"

आजीच्या ह्या बोलण्यात मोठे तथ्य आहे. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या अंगणात, अशा रीतीने चालणारे हे काम शेजारधर्माचा पायाच होय. आणि त्या कामाचे मोल केवळ घरापुरते असते, असेही नाही. १९५९ साली मुंबईतील गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये कर्जाऊ घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातूनच 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था उभी राहिली आणि पुढे हजारो स्त्रियांना तिच्यामुळे स्वतःची कमाई करता आली. पोळपाट-लाटणे तेच; परंतु घरोघरी क्षुल्लक मानले गेलेले कौशल्य एकत्र येताच ते केवढे सामर्थ्य ठरले!

बेगमी केवळ खाण्याची नसते, पांघरुणाचीही असते. विरलेली लुगडी आणि जुनी धोतरे टाकून न देता ती एकावर एक अंथरतात, त्यांच्या कडा जुळवतात आणि धावदोऱ्याच्या जवळजवळ रांगा घालून त्यांची गोधडी शिवतात. कापडाच्या थरांमध्ये हवा कोंडून राहते आणि ती अंगातील ऊब बाहेर जाऊ देत नाही. इगतपुरीच्या श्रावणातील गार रात्री तिच्याखाली निजणाऱ्या मुलाला ह्या कारणाची आठवण होत नाही. त्याला आठवतो तो तिच्यावरील हिरव्या काठांचा तुकडा. ते आईच्या लग्नातील लुगडे असते. निळा तुकडा आत्याच्या परकराचा असतो. दुकानातील ब्लँकेट ऊब देईल, पण घराचा असा इतिहास ते सांगू शकणार नाही.

ह्या मुलखातील आणखी एक कसबाची वस्तू म्हणजे इरले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणून त्यावर पाने बसवली, की डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारे इरले तयार होते. छत्री असताना इरले कशाला, असे शहरातील मुलाला वाटेल. परंतु इगतपुरी तालुका हा भाताचा तालुका. भाताची रोपे लावताना तासन् तास ओणवे राहावे लागते आणि दोन्ही हात चिखलात असतात. छत्री एक हात अडवून ठेवते, इरले दोन्ही हात मोकळे ठेवते. ज्याने ते प्रथम विणले, त्याने लावणी करणाऱ्या माणसाची पाठ नीट पाहिली होती. आता शेतांतून प्लॅस्टिकचे कागद अधिक दिसतात. ते स्वस्त असतात हे खरे. परंतु फाटल्यावर ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. मोडके इरले मात्र चुलीत जाते किंवा मातीत मिसळते. सूप, रोवळी, टोपली ह्या बांबूच्या वस्तूंचेही तसेच आहे. त्या विकत घेताना एका कारागिराच्या हाताला काम मिळते, हा लाभ निराळाच.

पहिला पाऊस पडला की परसबागेची पाळी येते. अन्यत्र लोक झाडांना पाणी घालण्याची काळजी करतात. येथे झाडांना पाण्यापासून जपावे लागते. मुळांनाही हवा लागते. कुंडीत पाणी साचून राहिले, तर मुळे गुदमरतात आणि कुजतात. म्हणून तुळशीची कुंडी वळचणीच्या आत सरकवतात, तिच्या बुडाचे भोक मोकळे आहे ना, हे पाहतात आणि भोपळ्या-दोडक्यांच्या बिया उंच वरंब्यावर टोचतात. अळूला मात्र ओल प्रिय! मोरीचे पाणी जेथे वाहून जाते, तेथे तो आनंदाने वाढतो. त्याची पाने घशाला खाजतात, म्हणून त्यांत चिंच घालून ती चांगली शिजवावी, हे ज्ञानही त्याच्याबरोबरच परसातून स्वयंपाकघरात येते. दाराशी गवती चहाचे एक बेट असले, की पाहुण्याचे स्वागतही पावसाळ्यात सुगंधी होते.

परंतु जे परसात पिकत नाही, ते रान देते. जूनच्या अखेरीस ठाकर आणि महादेव कोळी समाजांतील स्त्रिया टोपल्या घेऊन बाजारात बसतात. त्यांत टाकळा असतो, भारंगी असते, शेवळे असतात आणि काही दिवसांनी करटुलीही येतात. ह्या भाज्या कोणी पेरलेल्या नसतात. कोणती कोवळी, कोणती कडू, कोणती कशाबरोबर शिजवावी, ही सारी विद्या त्या टोपलीवाल्या स्त्रियांजवळ असते. ती घराण्यात तोंडोतोंडी चालत आलेली असते. शेवळे खुडताना त्या त्याचा कंद जमिनीत राहू देतात, म्हणून पुढील वर्षी ते पुन्हा उगवतात. अशा बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणे शहाण्या गिऱ्हाइकाला शोभत नाही. जी बाई पहाटे डोंगर तुडवून आली आहे, तिला योग्य मोल द्यावे आणि भाजी करण्याची रीतही विचारून घ्यावी. त्या व्यवहारात दोघांचीही प्रतिष्ठा राहते.

म्हणजे गिऱ्हाइकाने डोळे मिटून पैसे द्यावे, असे मात्र नव्हे. सौदा करणे ही जबाबदारीची गोष्ट आहे. पूर्वी धान्य शेर, पायली अशा मापांनी मोजत आणि ही मापे गावोगावी निरनिराळी असत. त्यात भोळ्या माणसाची फसगत होई. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५७ साली दशमान नाणी आली आणि १९५८ पासून किलोग्रॅमची वजने क्रमाक्रमाने रूढ झाली. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि २०१९ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. परंतु कायदा तराजूपाशी उभा राहत नाही. तेथे गिऱ्हाइकानेच जागरूक राहावयाचे असते. काटा शून्यावर आहे की नाही, वेष्टनावर किंमत आणि मुदत छापली आहे की नाही, पावती मिळाली की नाही, हे लहान मुलासही पाहता येते. मुंबईत १९७५ साली स्थापन झालेल्या ग्राहक पंचायतीने तर याहून पुढचे पाऊल टाकले. अनेक कुटुंबांनी आपली गरज एकत्र नोंदवावी, माल एकदम खरेदी करावा आणि तो आपसांत वाटून घ्यावा, अशी पद्धत तिने पाडली.

सौद्याचा सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र घराबाहेर पडण्यापूर्वीच पाळावयाचा असतो. डबे उघडून पाहावे, काय सरले आहे ते टिपून घ्यावे आणि कापडी पिशवी खांद्याला लावावी. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. परंतु जुन्या धोतराची पिशवी नेणाऱ्या घरांना त्या बंदीची अडचण भासलीच नाही. गरज आणि हौस ह्यांतील भेद ज्याला कळला, त्याची थैली सहसा रिकामी होत नाही.

येथवर घराच्या आनंदाचे वर्णन झाले. परंतु हा आनंद कोणाच्या श्रमांवर उभा असतो? आजीला प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला याचे उत्तर एका आषाढात मिळाले. पाऊस आठ दिवस थांबला नव्हता आणि आई तापाने अंथरुणास खिळली होती. पहिल्या दिवशी कोणाच्या फारसे लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी ओल्या कपड्यांचा ढीग साचला, दूध उतू गेले आणि शाळेच्या डब्याला पोळी नव्हती. वडिलांना मीठ कोठल्या डब्यात आहे हे ठाऊक नव्हते. धान्य होते, डाळ होती, लोणचे होते. बेगमी अगदी पुरेपूर होती. परंतु तिला हात लावणारे हात नव्हते. थकलेली आजी चुलीपाशी वाकली, तेव्हा मुलगा उठला. "आजी, तू बस. कसे करायचे ते मला सांग," असे तो म्हणाला. पहिल्या दिवशी भात करपला, दुसऱ्या दिवशी गिचका झाला, तिसऱ्या दिवशी मात्र तो मोकळा झाला. वडिलांनी कपडे धुऊन चुलीवरच्या दांडीवर वाळत घातले. धाकट्या बहिणीने तुळशीच्या कुंडीत साचलेले पाणी उपसले. आई बरी झाली, तरीही ह्या वाटण्या त्या घरात तशाच चालू राहिल्या.

सर्वच घरांत असे घडत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली सहा वर्षांवरील लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, त्यात घालवतात, असे तीत आढळले. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा वेळ होता ९७ मिनिटे. आणि मुळात घरकामास हात लावणारे पुरुष शंभरांत सुमारे २६ च होते! ह्या पाच तासांचा पगार कोणी देत नाही आणि पुष्कळदा त्यांचा उल्लेखही कोणी करीत नाही.

इगतपुरीच्या लोकांना हे समजावून देण्यासाठी दूरचा दृष्टान्त शोधावयास नको. १८६५ साली घाटातून त्यांच्या गावापर्यंत आगगाडी आली. कसाऱ्यापासूनचा हा चढ मोठा कठीण. तेथे काही ठिकाणी ३७ मीटर अंतरात लोहमार्ग १ मीटर वर चढतो. म्हणून अनेक जड गाड्यांना कसाऱ्यास मागून जादा इंजिने जोडतात. ती गाडीला ढकलीत वर आणतात आणि इगतपुरीस पोहोचल्यावर मुकाट्याने वेगळी होतात. खिडकीतून दऱ्या आणि धबधबे पाहणाऱ्या प्रवाशांना त्यांची जाणीवही नसते. घरातील काम हे असेच मागून ढकलणारे बळ आहे. फरक इतकाच, की इंजिन थकत नाही, माणूस थकतो.

म्हणून घराची खरी बेगमी डब्यांत आणि बरण्यांत भरून संपत नाही. घरातील प्रत्येकाला भात करता यावा, बटण टाकता यावे, कुंडीतील माती भुसभुशीत करता यावी आणि बाजारातून नेमके हवे तेवढेच आणता यावे, हीही बेगमीच होय. काम वाटून घेतले म्हणजे त्याचे ओझे हलके होते आणि त्यातील आनंद सर्वांच्या वाट्याला येतो. मग बाहेर पावसाने कितीही थैमान घातले, तरी आतील चूल धगधगत राहते आणि गोधडीची ऊब कोणा एकाला कष्टवून मिळालेली नसते.