जोराचे मलम आणि पापणीची ताकद

वाचकहो, आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, यंदा ७४ वे वर्ष लागले. गेल्या दिवाळीत परदेशात शिकणाऱ्या नातीने त्यांना डोळ्यांभोवती लावण्याचे रेटिनॉलचे मलम आणून दिले. नळीवर ०.३ टक्के असे छापलेले होते. आत्याबाईंनी ते पाच महिने नेमाने लावले. मग एके दिवशी नळी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "हे मिळमिळीत आहे गं. याच्यापेक्षा जोराचं मिळतं का बघ. पोरीचं लग्न आलंय."

या वयात ही हौस कशाला, असे म्हणणारे घरोघरी असतात. मला तसे वाटले नाही. आमचे केंदूर हे शिरूर तालुक्यातील कमी पावसाचे, उन्हाचे गाव. ज्या बाईची पन्नास वर्षे कांद्याच्या लागवडीत आणि बाजरीच्या काढणीत, उन्हाकडे डोळे बारीक करून पाहण्यात गेली, तिला नातीच्या लग्नात चेहरा जरा टवटवीत दिसावा असे वाटले, तर त्यात हसण्यासारखे काहीच नाही. औषधाच्या दुकानात ०.५ आणि १ टक्क्याचीही मलमे मिळतात. तेव्हा प्रश्न एवढाच होता की, जोर वाढवावा की वाढवू नये? त्याचे उत्तर शोधताना जे समजले ते आपणही वाचावे असे वाटते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी नळी येऊन पोहोचली असेल.

रेटिनॉल म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचेच एक रूप. आपल्या पिढीला या जीवनसत्त्वाची ओळख रातांधळेपणामुळे झाली. लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाजण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७० साली सुरू झाला. डोळ्याच्या पडद्यातील या जीवनसत्त्वाचे कार्य उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या डोळ्याच्या पडद्याला 'रेटिना' म्हणतात, आणि रेटिनॉल हे नावही त्यावरूनच आले आहे. त्वचेवर लावलेले रेटिनॉल पेशींमध्ये दोन पायऱ्यांनी रेटिनॉइक आम्लात बदलते, आणि खरे काम हे आम्लच करते. थेट त्या आम्लाचे मलम ट्रेटिनॉइन या नावाने मिळते. ते रेटिनॉलहून बरेच तीव्र असते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे असते. अमेरिकेत १९७१ साली त्याला मुरुमांवरचे औषध म्हणून मान्यता मिळाली. उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेवरही ते उपयोगी पडते, हे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवून दिले.

उतारवयात याचा उपयोग होतो का, असे आपण विचाराल. होतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ३६ वृद्धांनी भाग घेतला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. त्यांना ०.४ टक्के रेटिनॉल आठवड्यातून जास्तीत जास्त तीन वेळा, असे २४ आठवडे लावण्यात आले आणि बारीक सुरकुत्या कमी झालेल्या दिसल्या. म्हणजे वय झाले म्हणून त्वचा प्रतिसाद द्यायचे सोडत नाही. पण आपण एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. तो प्रयोग दंडाच्या आतल्या बाजूवर केलेला होता, पापणीवर नव्हे.

दंड आणि पापणी यांत मोठा फरक आहे. पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ, सुमारे अर्ध्या मिलिमीटरची असते. तिच्याखाली चरबीचा आधार जवळजवळ नसतो. वय वाढते तशी ती आणखी विरळ आणि कोरडी होते. पापणीच्या कडेला बारीक तेलग्रंथींची रांग असते. त्यांतून येणारे तेल अश्रूंवर पसरते, म्हणून अश्रू लवकर वाळत नाहीत. 'अ' जीवनसत्त्वाच्या तीव्र औषधांनी या ग्रंथींचे काम मंदावू शकते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांचे डोळे कोरडे पडतात ते यामुळेच. डोळ्याखाली लावलेले मलमही लावल्या जागी राहत नाही. झोपेत, घामाने, डोळे चोळल्याने ते सरकत पापणीच्या कडेपर्यंत जाते. उतारवयात डोळ्यांची कोरड आधीच वाढलेली असते. त्यात ही भर पडली की जळजळ, खुपल्यासारखे वाटणे आणि सतत पाणी येणे सुरू होते.

आता जोराविषयी. याच मिशिगन विद्यापीठातील तज्ज्ञांचा १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला सर्वांत बोलका वाटला. ट्रेटिनॉइनचे ०.१ टक्क्याचे आणि ०.०२५ टक्क्याचे, म्हणजे एकाच्या चौपट दुसरे, अशी दोन मलमे ४८ आठवडे चेहऱ्यावर लावून पाहण्यात आली. दोन्हींनी त्वचा जवळजवळ सारखीच सुधारली. आग आणि लाली मात्र तीव्र मलमाने पुष्कळ अधिक झाली. चौपट जोराने चौपट गुण आला नाही, त्रास तेवढा वाढला. युरोपीय संघाने २०२४ साली नियम केला की चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉल ०.३ टक्क्यांहून अधिक नसावे. म्हणजे ज्याला आत्याबाई मिळमिळीत म्हणत होत्या, ते मलम तिथल्या नियमाच्या वरच्या टोकावर होते.

मग पाच महिन्यांत गुण का आला नाही? आत्याबाईंना काचबिंदू आहे. त्यासाठी त्या तीन वर्षे रोज रात्री डोळ्यांत थेंब घालतात. ठरलेल्या तपासणीला जाताना मी थेंबांच्या बाटलीबरोबर ती नळीही पिशवीत टाकली. डॉक्टर बाईंनी आधी पापण्या पाहिल्या, मग बाटलीवरचे नाव वाचले आणि म्हणाल्या, "आजी, हा काळेपणा वयाचा नाही. या थेंबांचा आहे." लॅटानोप्रॉस्ट, बिमाटोप्रॉस्ट या जातीच्या थेंबांनी डोळ्यातला दाब उतरतो. पण थेंब पापणीवर ओघळत राहिला की तिथली त्वचा काळवंडते, आणि काहींच्या वरच्या पापणीच्या वर खळगाही पडतो. त्यावर रेटिनॉल कितीही जोराचे लावले तरी कारण रोज रात्री नव्याने पडतच राहणार.

हे ऐकताच आत्याबाई म्हणाल्या, "मग लग्नापुरते थेंबच बंद करते." वाचकहो, हा सगळा लेख मी या एका वाक्यासाठी लिहीत आहे. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. ती दुखत-खुपत जात नाही, कडेकडून हळूहळू जाते, म्हणून थेंब सोडणाऱ्याला आपण काय गमावत आहोत हे कळतही नाही. डॉक्टर बाईंनी रागावण्याऐवजी एक साधी गोष्ट शिकवली. थेंब घातल्यावर डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरायचा आणि ओघळलेले औषध स्वच्छ ओल्या कापसाने लगेच टिपून घ्यायचे. काळेपणा फारच खटकत असेल तर दुसऱ्या जातीचे थेंब देता येतात का ते पाहू, पण तो निर्णय माझा, असेही त्यांनी बजावले. परतताना शिक्रापूरला गाडी थांबली तेव्हा आत्याबाई आपण होऊन म्हणाल्या, "लग्न दिसायला तर पाहिजे आधी." थेंब चालू राहिले.

म्हणून मलम निवडण्याआधी आपण नेमके काय पाहत आहोत, हे ओळखणे आवश्यक आहे. डोळ्याखालची पिशवी बहुधा आतली चरबी पुढे सरकल्याने येते. ती कोणत्याही मलमाने जात नाही. काळेपणा आनुवंशिक असू शकतो, ॲलर्जीमुळे डोळे चोळल्याने येऊ शकतो, खोलगट भागाची ती नुसती सावलीही असू शकते. नाकाकडच्या बाजूला पापणीवर पिवळसर चकत्या दिसल्या तर रक्तातील कोलेस्टेरॉल तपासावे. पापण्या सकाळी सुजत असतील तर मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. पापणीवरची गाठ वाढत असेल, तिथल्या पापणीचे केस गळत असतील किंवा जखम महिन्याभरात भरत नसेल, तर मलमाचा विचारही न करता डॉक्टरांना दाखवावे. तो कर्करोगही असू शकतो, आणि वेळेवर काढला तर बहुधा पूर्ण बरा होतो.

ही सगळी कारणे बाजूला झाली आणि प्रश्न खरोखर बारीक सुरकुत्यांचाच असला, तर रेटिनॉल जरूर वापरावे, पण पापणीला पेलेल तेवढेच. ०.१ टक्का किंवा त्याहून कमी, आणि डोळ्यांभोवतीसाठीच केलेले असे मलम घ्यावे. दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढे पुरते. बोटाने चाचपले की डोळ्याखाली हाडाची कड लागते. मलम त्या कडेवर आणि बाहेरच्या कोपऱ्यावर लावावे. वरच्या पापणीवर आणि पापण्यांच्या केसांजवळ लावू नये. आधी साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर, त्यावर हे मलम, असे केल्याने आग कमी होते. सुरुवात आठवड्यातून दोन रात्रींनी करावी. महिनाभर काही त्रास झाला नाही तर एक रात्र वाढवावी. तीन महिन्यांच्या आत फळाची अपेक्षा धरू नये. लग्न महिन्यावर आले असताना नवे मलम सुरू केले, तर टवटवीत चेहऱ्याऐवजी सोललेली, लाल पापणी घेऊन मांडवात बसावे लागेल. डोळे लाल झाले, खुपू लागले किंवा अंधुक दिसू लागले, तर मलम त्या दिवसापासून थांबवावे.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावूच नये. ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे किंवा लवकरच व्हायची आहे, ज्यांचे डोळे कोरडे राहतात, ज्यांच्या पापण्यांच्या कडांना खपल्या धरतात, आणि जे काचबिंदूचे थेंब घालतात, ते सर्व यात येतात. घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर तिने ही नळी मुळीच वापरू नये. बाहेरून लावण्याऐवजी 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेणे हाही मार्ग नव्हे. हे जीवनसत्त्व यकृतात साठते आणि अति झाले की यकृतालाच अपाय करते. शेवग्याचा पाला, गाजर आणि लाल भोपळा खुशाल खावा.

आणखी एक धोका गावागावांत दिसतो. चेहरा लवकर उजळतो म्हणून हातोहात दिल्या जाणाऱ्या काही मलमांत ट्रेटिनॉइनबरोबर स्टिरॉइडही असते. पहिले काही दिवस त्याने गुण येतो आणि त्यामुळेच माणूस फसतो. पुढे त्वचा पातळ पडते, तांबड्या शिरा दिसू लागतात. डोळ्यांजवळ दीर्घकाळ लावल्यास डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइड असलेली अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. ज्या डबीवर घटकांची नावेच नाहीत, ती डोळ्यांजवळ नेऊ नये.

सर्वांत स्वस्त उपाय उन्हापासून बचाव हाच आहे. डोळ्यांच्या कोपऱ्यांतील सुरकुत्यांत उन्हाचा वाटा मोठा असतो, आणि रेटिनॉल लावलेल्या त्वचेला ऊन अधिक बाधते. आपल्याकडच्या बायका शेतात पदर कपाळाच्या पुढे ओढून घेतात, ही जुनी रीत चांगली आहे. त्याला रुंद काठाची टोपी किंवा छत्री आणि उन्हाचा चष्मा यांची जोड द्यावी. पुरुषांच्या गांधी टोपीने डोळ्यांवर सावली पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. सनस्क्रीन लावायचे तर झिंक ऑक्साइडचे घ्यावे, ते डोळ्यांना कमी झोंबते.

शेवटी, घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. वडीलधाऱ्या माणसाने असे काही मागितले तर ते हसून उडवू नका, आणि मागितले म्हणून लगेच आणूनही देऊ नका. हसलात तर पुढची नळी तुम्हाला न विचारता येईल, आणि कोणता थेंब गुपचूप बंद झाला ते कळणारही नाही. पुढच्या वेळी नेत्रतज्ज्ञांकडे जाताना घरातले सगळे थेंब, गोळ्या, मलमे, काजळाची डबीसुद्धा एका पिशवीत घालून न्या आणि ती पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी करा.