अर्ध्या मेंदूचा निर्णय

पाच-सहा वर्षांचं, तोवर अगदी ठणठणीत असलेलं मूल. एके दिवशी जेवता जेवता त्याच्या ओठाचा एक कोपरा उडायला लागतो, पाठोपाठ त्याच बाजूचा हात. मिनिटभरात सगळं थांबतं. घरचे धावतपळत डॉक्टरांकडे नेतात, ईईजी होतो, एमआरआय होतो आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. फिटची गोळी सुरू होते. इथवर कुणाचंच काही चुकलेलं नसतं. आपल्याकडे मुलाला एका बाजूची फिट आली की डॉक्टर आधी मेंदूतली टीबीची गाठ किंवा फीतकृमीच्या अळीची गाठ शोधतात. पुष्कळ मुलांत तेच सापडतं आणि औषधांनी बरंही होतं. रासमुसेन एन्सेफलायटिस हे नाव त्या यादीत फार खाली असतं, आणि ते तसंच असायला हवं. जर्मनीतल्या पाहणीत अठरा वर्षांपर्यंतच्या एक कोटी मुलांमागे वर्षाला साधारण २.४ नवे रुग्ण आढळले होते. बालमेंदूविकार हेच ज्यांचं रोजचं काम आहे, अशा आम्हा डॉक्टरांच्याही ओपीडीत हा आजार क्वचितच येतो. पण येतो तेव्हा वेळ फार थोडा हातात असतो.

या आजाराची ओळख पटायला वैद्यकशास्त्रालाच बरीच वर्षं लागली. १९४५ साली अमेरिकेतल्या अटलांटा इथल्या एमरी विद्यापीठाचे न्यूरोसर्जन एडगर फिंचर यांनी दहा वर्षांच्या एका मुलाविषयी कॅनडातल्या माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या वाइल्डर पेनफिल्ड यांचा सल्ला घेतला. मुलाच्या फिट कशानेच थांबत नव्हत्या आणि एक बाजू लुळी पडत चालली होती. मेंदूला दीर्घकाळ सूज असावी, असा फिंचर यांचा कयास होता. पेनफिल्ड म्हणजे त्या काळचं एपिलेप्सी सर्जरीतलं सर्वांत मोठं नाव, पण त्यांना हे लगेच पटलं नाही. पुढे १९५६ मध्ये त्याच संस्थेतल्या थिओडोर रासमुसेन यांनी त्या रुग्णाच्या मेंदूचा एक अर्धगोल काढला. काढलेल्या भागात सूक्ष्मदर्शकाखाली सूज स्पष्ट दिसली. १९५८ साली रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी अशा तीन रुग्णांवर शोधनिबंध लिहिला. आजाराला रासमुसेन यांचं नाव मिळालं. फिंचर यांचं नाव आज फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते, कारण पहिली शंका त्यांची होती.

या आजारात मेंदूच्या दोन अर्धगोलांपैकी एकाच अर्धगोलाला सूज येते आणि तो हळूहळू झिजत जातो. दुसरी बाजू जवळपास शाबूत राहते. असं का होतं, हे कोडं अजून सुटलेलं नाही. वर्षानुवर्षं विषाणू शोधला गेला. सगळ्या रुग्णांना लागू पडेल असा एकही सापडला नाही. १९९४ साली मोठी आशा निर्माण झाली होती. मेंदूतल्या ग्लुटामेट या रसायनाच्या एका रिसेप्टरचा प्रथिनांश टोचलेल्या सशांना फिट आल्या आणि त्याच रिसेप्टरविरुद्धच्या अँटीबॉडी काही रुग्णांच्या रक्तातही मिळाल्या. पुढे त्याच अँटीबॉडी इतर प्रकारच्या एपिलेप्सीतही दिसू लागल्या आणि तो धागा सैल पडला. आज भर आहे तो टी पेशींवर. शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या या पेशी मेंदूत शिरतात, चेतापेशींना चिकटतात आणि त्यांना मारतात.

निदानात मुलाच्या हाताइतकी बोलकी गोष्ट दुसरी नाही. तळहात टेबलावर सैल ठेवायला सांगितलं की अंगठा आणि शेजारची दोन बोटं बारीक उडताना दिसतात, एका लयीत, न थांबता. मूल शुद्धीवर असतं, प्रश्नांची उत्तरं देत असतं. ही हालचाल तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस चालते. काहींची झोपेतही थांबत नाही. अशी अखंड फिट निम्म्याअधिक रुग्णांत कधी ना कधी येते. नेहमीच्या गोळ्यांना ती जुमानत नाही. घरच्यांना ती सवयीची होते, शाळेत ‘चाळा’ समजून ओरडा बसतो. आकडी म्हणजे शुद्ध हरपून जमिनीवर पडणं, असं डोक्यात पक्कं बसलेलं असल्यामुळे हीसुद्धा फिटच आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मग पाटी-पेन्सिल नीट धरता येत नाही, शर्टाची बटणं लागेनाशी होतात, पाय किंचित ओढला जातो.

२००५ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी निदानाचे निकष ठरवले. एका बाजूच्या फिट आणि त्याच बाजूची वाढती कमजोरी, ईईजीमध्ये एकाच अर्धगोलाचा मंदावलेला आलेख, आणि एमआरआयमध्ये एकाच बाजूची झीज, तीही काही ठरावीक खुणांसह. यांतली एक खूण फार उपयोगी पडते: मेंदूच्या गाभ्यातल्या कॉडेट नावाच्या भागाचं डोकं. दोन्ही बाजूंची कॉडेट शेजारी शेजारी पाहिली की आजारी बाजूची सपाट झालेली दिसते. चित्र अपुरं असेल तर मेंदूचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. पण बऱ्याचदा खरं निदान होतं ते दोन एमआरआय एकमेकांशेजारी लावल्यावर. सहा महिन्यांपूर्वीची फिल्म आणि आजची. एकट्या आजच्या फिल्मवर जो फरक संशयास्पद वाटतो, तो जुनी फिल्म शेजारी आली की ढळढळीत दिसतो. आणि नेमकी तीच जुनी सीडी घर बदलताना हरवलेली असते, किंवा पहिल्या डॉक्टरांकडेच राहिलेली असते.

औषधांचं काय? स्टेरॉइड, शिरेतून दिली जाणारी इम्युनोग्लोब्युलिन, टॅक्रोलिमस यांनी झीज मंदावते. हाताची ताकद काही काळ टिकते. जर्मनीत टॅक्रोलिमस आणि इम्युनोग्लोब्युलिन यांची तुलना करणारी चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. दोन्हींनी ऱ्हास लांबला, पण हट्टी फिट आटोक्यात आल्या नाहीत. स्टेरॉइडनंतरचे पहिले काही आठवडे घरात उत्साहाचे असतात. त्या उत्साहाच्या भरात पुढचा विचार लांबणीवर पडतो.

पुढचा विचार म्हणजे शस्त्रक्रिया. आजारी अर्धगोल निरोगी अर्धगोलापासून तोडल्याशिवाय फिट कायमच्या थांबवण्याचा दुसरा उपाय आज नाही. १९२८ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी मेंदूतल्या गाठीसाठी अर्धगोल काढला होता. १९३८ मध्ये टोरोंटोच्या केनेथ मॅकेन्झी यांनी फिटसाठी तो काढला. सुरुवातीचे निकाल थक्क करणारे होते. मात्र काही वर्षांनी रिकाम्या पोकळीत रक्त झिरपून लोह साचू लागलं, डोक्यात पाणी भरू लागलं, आणि बरी झालेली माणसं दगावू लागली. शस्त्रक्रिया जवळपास बंद पडली. तिला वाचवलं ते पुन्हा रासमुसेन यांनीच. अर्धगोलाचा काही भाग रक्तपुरवठ्यासह जागेवर ठेवायचा, फक्त त्याचे सगळे संबंध तोडायचे, ही पद्धत त्यांनी रुजवली. घराच्या एका खोलीचं वायरिंग तोडून खोली तशीच राहू द्यावी, तसं हे काम. आजची हेमिस्फेरोटॉमी याच विचारातून आली. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने १९९७ साली तिथे हेमिस्फेरेक्टॉमी, म्हणजे अर्धगोलाची ही शस्त्रक्रिया, झालेल्या ५८ मुलांचा आढावा छापला. बहुतेकांच्या फिट एकतर थांबल्या होत्या, नाहीतर रोजच्या जगण्याआड येणार नाहीत इतक्या उरल्या होत्या.

किंमत मोठी आहे. शस्त्रक्रियेनंतर विरुद्ध बाजूच्या बोटांची नाजूक हालचाल परत येत नाही आणि त्या बाजूची अर्धी नजर जाते. मूल चालतं, बहुतेक धावतंही, पण सुरुवातीला दाराच्या चौकटीला धडकतं. वर्गात त्याला ज्या बाजूचं दिसत नाही त्या बाजूच्या बाकावर बसवायचं, म्हणजे फळा दिसणाऱ्या बाजूला येतो. शिक्षकांना हे कुणीतरी सांगावं लागतं. आजार डाव्या अर्धगोलात असेल तर भाषेचा प्रश्न येतो. लहान वयात भाषा उजवीकडे सरकू शकते. वय वाढेल तशी ही मुभा कमी होत जाते. म्हणून बारा वर्षांच्या, अजून नीट बोलणाऱ्या मुलीच्या आईवडिलांपुढचा प्रश्न तीन वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांपेक्षा कितीतरी अवघड असतो. हात अजून चालतोय, मग आपल्या संमतीने तो का घालवायचा, असं आई विचारते. तिचं चूक नाही. पण आजार तो हात घेऊन जाणारच असतो. दरम्यान, रोजच्या फिट निरोगी अर्धगोलाच्या वाढीलाही अडवतात, बुद्धी मागे पडते. माझं मत स्पष्ट आहे: हात पूर्ण लुळा पडेपर्यंत थांबायचं, हा जुना दंडक सरसकट सगळ्या मुलांना लावू नये. दिवसाला कित्येक फिट येत असतील आणि मूल शिकलेलं विसरत असेल, तर हातात थोडी ताकद उरलेली असतानाही शस्त्रक्रियेचं बोलणं सुरू व्हायला हवं. ते बोलणं एका भेटीत संपत नाही. आजी-आजोबा, मामा, काका सगळ्यांना खोलीत बोलवून तेच पुन्हा सांगावं लागतं, आणि सांगायला हवं.

भारतात ही सोय आहे. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि दिल्लीचं एम्स इथे एपिलेप्सी सर्जरीचे मोठे विभाग आहेत. एम्समध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने हेमिस्फेरोटॉमी करण्याचं तंत्रही विकसित झालं आहे.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात, शेजारात किंवा वर्गात फिटचं मूल असेल तर एवढं करा. फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय गाठा. फिटचा मोबाइलवर व्हिडिओ काढा; कोणता हात आधी उडाला, हे त्यात दिसतं. एमआरआयच्या सीडी, जुन्या आणि नव्या, एकाच पिशवीत ठेवा. आणि योग्य मात्रेत दोन औषधं देऊनही एकाच बाजूची फिट थांबत नसेल, किंवा त्या बाजूचा हात मागे पडत असेल, तर तिसऱ्या गोळीची वाट न पाहता एपिलेप्सी सर्जरी होते अशा केंद्रात मुलाला एकदा दाखवून आणा.