जुन्या ट्रॅक्टरची नाडी



ज्यांच्या अंगणात नवाकोरा, अजून हप्ते फिटायचे असलेला ट्रॅक्टर उभा आहे त्यांनी हे पान उलटले तरी माझी हरकत नाही. हे लिहिणे आहे ते ज्यांच्या घरी वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर अजून राबतो आहे त्यांच्यासाठी. रंग कधीचा उडालेला, सीटवर गोणपाट बांधलेले, पण कापसाची ट्रॉली ओढायची म्हटले की अजून त्याच्याच नावाने हाक मारायची. आमचा असाच आहे. वडिलांनी १९८६ साली घेतला, ३५ अश्वशक्तीचा. वडील गेले, ट्रॅक्टर आहे.

आमचे गाव पांढरकवड्यापासून १३ किलोमीटर. तालुका केळापूर, पण कचेरी, बाजार, कोर्ट सारे पांढरकवड्याला. नागपूर-हैदराबाद हमरस्ता तिथूनच जातो. पूर्वी त्याला ७ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत, आता ४४ म्हणतात. त्या रस्त्याला लागेपर्यंत आम्हाला एक नाला आणि त्यापुढचा चढ पार करावा लागतो. ज्यांनी काळ्या मातीतून भरलेली ट्रॉली काढली आहे त्यांना नाला आणि चढ एवढे दोन शब्द पुरेत.

गेल्या हंगामात, पौषाच्या थंडीत, त्या चढावर ट्रॅक्टरने मान टाकली. मागे वीस-बावीस क्विंटल कापूस. इंजिन जोरात ओरडत होते, धूर निघत होता, गिअर पडलेला होता, आणि चाक मात्र फिरायला तयार नव्हते. करपल्यासारखा एक वास आला. धाकट्या भावाने चाकांमागे दगड लावले, ताडपत्री आवळली आणि आम्ही पायी घरी आलो. अंधार पडायच्या आत आलो हेही सांगतो, कारण टिपेश्वरचे अभयारण्य आमच्यापासून फार दूर नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात टी-१ वाघिणीला गोळी घातली गेली, त्याआधीचे दिवस या पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यातली माणसे अजून विसरलेली नाहीत. दिवेलागणीला रस्त्यावर अडकणे आमच्याकडे कुणालाच आवडत नाही.

आता अडचण काय ती बघा. रात्रभर दव पडणार. कापसात ओल ८ टक्क्यांच्या वर गेली की खरेदी केंद्रावर भाव कापतात आणि १२ च्या वर गेली तर माल परतच पाठवतात. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरले नाही तर व्याजाची सवलत जाते. मुलीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फीही त्याच कापसात बसलेली. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या मिस्त्रीला आणले त्याने ट्रॅक्टर सुरू करून दोन मिनिटे ऐकले आणि निकाल दिला, "भाऊ, गिअरबॉक्स बसला. खोलाच लागते. आठ-दहा दिवस धरून चाला." रक्कम सांगितली ती ऐकून माझी बायको आत निघून गेली.

माझे मामा एस.टी.त मेकॅनिक होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली, डोळ्याला नीट दिसत नाही, पण कान आणि नाक शाबूत आहे. त्यांना मोटारसायकलवर बसवून आणले. त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी भावाला विचारले, "चढावर थांबला तवा गिअरचा दांडा जागेवर होता का सरकला होता?"

"जागेवरच होता मामा."

"कडकड आवाज आला?"

"नाही. वास आला."

"मंग गिअरबॉक्सचं नाव कायले घेता बाप्पा?"

मित्रहो, या तीन वाक्यांत जे शहाणपण आहे ते मी तुम्हाला उलगडून सांगतो, कारण त्यानेच आमचे पैसे वाचले.

गिअरबॉक्समध्ये पोलादी चाके दातात दात घालून बसलेली असतात. दात तुटू शकतात, झिजू शकतात, दांडा उसळून गिअर सुटू शकतो. पण दातात दात असताना ती चाके मुकाट्याने घसरू शकत नाहीत. काही तुटले तर आवाज होणार. गिअर सुटला तर दांडा सरकलेला दिसणार. यातले काहीच नाही आणि इंजिनचा जोर मात्र मागच्या चाकापर्यंत पोचत नाही, याचा अर्थ जोर मधेच गळतो आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घसरू शकेल अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे क्लच प्लेट. ती नुसत्या दाबाने आणि घर्षणाने फ्लायव्हीलला चिकटून फिरते. घर्षण कमी झाले की ती घसरते, तापते आणि करपते. तो वास तिचाच.

मामांनी ताळा म्हणून आणखी एक विचारले. सर्वच गिअरमध्ये असे होते का एकाच? एकाच गिअरमध्ये खोट असेल तर ती त्या गिअरच्या चाकात शोधावी. सर्वच गिअरमध्ये सारखी असेल तर खोट गिअरच्या आधी तरी आहे नाहीतर नंतर. ज्यांच्याकडे दुहेरी क्लच आहे त्यांना आणखी एक खूण मिळते. पेडल अर्धे दाबले की चाकांचा जोर सुटतो, पूर्ण दाबले की मागच्या पी.टी.ओ.चा. मळणीयंत्र दमदार चालते आणि ट्रॉली मात्र ओढवत नाही, असे असेल तर दोन प्लेटांपैकी चाकांकडची प्लेट गेली असे समजावे.

मग परीक्षा घेतली. ट्रॉली सोडली, ट्रॅक्टर सपाटीवर आणला. समोर कुणी उभे राहायचे नाही. दोन्ही ब्रेक एकत्र जोडून घट्ट दाबले, सर्वांत वरचा गिअर टाकला, थोडा अॅक्सिलेटर दिला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असेल तर इंजिन गचका देऊन तिथेच बंद पडले पाहिजे. आमचे इंजिन खुशाल चालत राहिले. ही परीक्षा एकदाच घ्यावी आणि पाच सेकंदांत आटोपावी. वारंवार घेतली तर उरलीसुरली प्लेटही जळते.

त्यानंतर मामांनी क्लचचे पेडल हाताने दाबून पाहिले. पेडल दाबू लागताच सुरुवातीची थोडी चाल मोकळी, सैल असावी लागते. प्रत्येक बनावटीचे तिचे माप वेगळे असते आणि ते सोबतच्या पुस्तिकेत छापलेले असते. आमच्या पेडलला मोकळी चाल नावालाही नव्हती. म्हणजे पाय नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहत होता. प्लेट जसजशी झिजते तसतशी ही चाल आपोआप कमी होत जाते, म्हणून ती अधूनमधून सळईच्या नटाने परत आणायची असते. त्यात चालवणाऱ्याला पेडलवर पाय टेकवून बसण्याची सवय असेल तर बघायलाच नको. (आमच्या भागात निम्मे ड्रायव्हर असेच बसतात. त्यांना आरामखुर्ची वाटते ती.)

चाल बसवली, घसरणे बरेच कमी झाले. तेवढ्यावर आम्ही कापूस अर्धा अर्धा करून दोन खेपांत पांढरकवड्याला पोचवला. मधल्या थरातला माल कोरडा होता, वरचा हात-दीड हात उन्हात पसरून घ्यावा लागला. पण मामांचे समाधान झालेले नव्हते. वासाचे कारण नुसती चाल नाही, असे त्यांचे म्हणणे.

क्लचच्या घराच्या तळाशी एक लहानसे भोक असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत त्यात एक दुपाखी पिन लोंबत ठेवलेली असते, ती हलत राहते आणि भोक चिखलाने बुजू देत नाही. आमचे भोक कित्येक वर्षे बुजलेलेच असावे. मामांनी ते तारेने मोकळे केले आणि तेलाचे काळे थेंब ठिबकू लागले. ते त्यांनी बोटावर घेतले, चोळले, हुंगले. पातळ आणि काळे असेल तर ते इंजिनचे तेल, म्हणजे इंजिनच्या मागचे सील गेले. जाड, चिकट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअरचे तेल, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढचे सील गेले. आमचे इंजिनचे निघाले. तेल प्लेटवर उडत होते आणि तेलकट प्लेट दाब असूनही पकडत नव्हती.

प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवणारे लोक मी पाहिले आहेत. चार दिवस चालते, मग पुन्हा तेच. तेल प्यायलेली प्लेट बदलावीच लागते, आणि आधी सील बदलावे लागते, नाहीतर नवी प्लेटही तेल पिणार. यासाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत वेगळा करावा लागतो. ते काम घरी करू नये. पुढचा अर्धा भाग एका बाजूला कलू नये म्हणून पुढच्या आसाला दोन्हीकडून लाकडी पाचरी ठोकतात. ते न करता खोलणाऱ्याच्या अंगावर इंजिन येऊ शकते. दुसऱ्या मिस्त्रीकडे दोन दिवसांत काम झाले. खोललेच आहे म्हणून रिलीज बेअरिंगही नवे टाकले, कारण मजुरी एकच. सारा खर्च पहिल्याने सांगितलेल्या रकमेच्या पाव हिश्श्यात बसला.

आता खरोखरच गिअरबॉक्स बिघडला तर तो कसा ओळखायचा, हेही मामांकडूनच ऐकलेले सांगतो. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. घरघर येत असेल तर क्लच दाबा. दाबल्यावर घरघर थांबली तर ती गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगची. उलट, दाबल्यावर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगची. नुसते वळताना येत असेल तर डिफरन्शियलकडे बघावे. तेल काढून पाहावे. तळाच्या बुचाला लोहचुंबक असेल तर त्यावर काजळासारखा बारीक लेप दिसतो, तो वयाचा असतो, त्याची काळजी नको. नखाला टोचतील असे तुकडे दिसले तर मात्र थांबावे. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात नाल्यातून ट्रॅक्टर घालणाऱ्यांनी हे दरवर्षी बघावे.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. त्याच्याकडे एक जुनी, उघड्या डाल्याची गाडी आहे. सुटीच्या दिवशी तिच्यामागे होडीची ट्रॉली जोडून तो तळ्यावर जातो. त्या गाडीला क्लचचे पेडलच नाही, गिअर आपोआप पडतात. तिकडे अशा आपोआप गिअरच्या मोटारी १९४० च्या सुमारास बाजारात आल्या. आमची हकीकत फोनवर ऐकून तो म्हणाला, आमच्याकडे उलटे आहे. तिथे घसरणाऱ्या प्लेटा गिअरबॉक्सच्याच पोटात, तेलात बुडालेल्या असतात. त्यामुळे इंजिन ओरडले आणि गाडी ओढेना, तर तिथे संशय गिअरबॉक्सवरच घ्यावा लागतो. पण पहिली तपासणी तिथेही नाकानेच. ते तेल बहुधा लाल असते. पट्टी काढून पाहायची. तपकिरी पडून करपल्याचा वास आला तर आतल्या प्लेटा जळाल्या. ओझे ओढताना ते तेल फार तापते, म्हणून ओढणारे लोक तेल थंड करायला वेगळी जाळी लावून घेतात. मामांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "लाल तेल? मंग लवकर समजत असन."

आमच्या ट्रॅक्टरचे एक दुखणे बाकी आहे. उतारावर, मागून ट्रॉलीचा रेटा आला की चौथा गिअर उसळतो. मामांच्या मते दांड्याखालची गोळी आणि स्प्रिंग झिजली आहे, आणि ते वरचे झाकण काढून बदलता येते. नाहीतर गिअर सरकवणारा काटा झिजला असेल. तोपर्यंत भावाला चौथा गिअर वापरायची बंदी आहे. भरलेली ट्रॉली मागे असताना न्यूट्रलमध्ये उतरणे आणि गिअर उसळणे यांत फरक काहीच नाही. दोन्हींत ट्रॅक्टर ट्रॉलीच्या ताब्यात जातो, आणि आमच्या ट्रॉलीला ब्रेक नाहीत. तुमच्याही नसतील. झाकण खोलायचे काम तूर निघाल्यावर, मामांना पुन्हा मोटारसायकलवर आणून करायचे ठरले आहे. त्यांनी एकच अट घातली आहे, की त्या दिवशी जेवायला भरली वांगी असावीत.