बिजागरीखालचा आकडा

जुनी जपानी दुर्बीण हातात आली की माणूस आधी तिच्या झाकणावरचं नाव वाचतो. त्या नावावर फार विसंबू नये, ते बहुधा विकणाऱ्याचं असतं. अमेरिकेत 1948 मध्ये सुरू झालेल्या बुशनेलने जपानी दुर्बिणी मागवून आपल्या नावाने विकल्या. 'कार्ल वेट्झलर' वाचून जर्मनी डोळ्यांपुढे यावी, पण तो मालही जपानचाच.

माझ्याकडची दुर्बीण मामाची. मामा बोटीवर होता. योकोहामाला बोट लागली तेव्हा घेतली, एवढंच मामी सांगते. साल तिला आठवत नाही आणि मामा आता नाही. त्याच्या तरुणपणाचं घरात फारसं काही उरलेलं नाही, पत्रं तर नाहीतच. दुर्बिणीचं वय कळलं तर तो त्या बंदरात कधी उतरला असेल याचा निदान अंदाज तरी बांधता येईल. म्हणून हा शोध मला जिवाभावाचा वाटतो.

दुर्बीण 7×50 आहे. दर्यावर्दी माणसाने हीच घ्यावी: पन्नासला सातने भागलं की साधारण सात मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्याकडे येतो, अंधारात विस्फारलेल्या बाहुलीएवढा. झाकणावर 'एक हजार यार्डांवर 372 फूट' असं कोरलंय, म्हणजे 7.1 अंशांचा देखावा. 'ऑक्युपाइड जपान' हे शब्द मात्र कुठे नाहीत. 1947 ते 1952 या काळात अमेरिकी अमलाखालच्या जपानमधून बाहेर गेलेल्या मालावर ते सापडतात. डोळ्याकडचे कप कडक बेकेलाइटचे आहेत. दुमडता येणारे रबरी कप पुढे रूढ झाले. अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे साल, असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. दुसरा पुरावा नसेल तर मी ते मानणार नाही.

खरा पुरावा बिजागरीखाली आहे. भिंग लावून, उजेड तिरपा पाडून पाहिलं की रंगाखाली बारीक ठसे दिसतात: 'जेबी' आणि पुढे आकडा, 'जेई' आणि पुढे आकडा. जेबी हा जोडणी करणाऱ्याचा, जेई सांगाडा घडवणाऱ्याचा. युद्धानंतर दुर्बिणी बनवणारे इतके वाढले आणि किमती पाडण्याची चढाओढ अशी लागली की मालाचा दर्जा घसरू लागला. तेव्हा 1959 च्या सुमारास सरकारने कायदा करून उत्पादकांची नोंदणी सुरू केली. हे आकडे त्या काळापासूनचे. म्हणजे मामाची दुर्बीण त्यानंतरची, आणि बेकेलाइट पाहता साठच्या दशकातली असावी.

त्या आकड्याचा माग काढत गेलं की वाट बहुधा टोकियोच्या इताबाशी भागात पोचते. तिथे तोक्यो कोगाकुसारखा मोठा कारखाना होता, पण गल्लीबोळांत घराएवढ्या जागेत काम करणारेही पुष्कळ होते. एकजण लोलक घासायचा, दुसरा सांगाडा कातायचा, तिसरा सगळं जमवायचा. जमवणाऱ्याचं काम मला सगळ्यांत अवघड वाटतं. पुढची भिंगं ज्या कड्यांत बसतात त्या कड्यांचा मध्य मुद्दाम किंचित सरकलेला असतो. दोन कडी एकमेकींत फिरवत फिरवत दोन्ही नळ्यांची नजर एका रेषेत आणायची. केसभर चुकलं तर पाहणाऱ्याचं डोकं दुखायला लागतं. मामाच्या दुर्बिणीतून आजही एकच स्वच्छ गोल दिसतो, डोळ्यांना ताण पडत नाही. ती कडी कुणी फिरवली, त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. आकडा आहे तोही कारखान्याचा.

एका लोलकाच्या कडेला बुरशीचं जाळं धरलंय, कोकणातल्या पावसाळ्यांची देणगी. दुरुस्ती करणारे गृहस्थ म्हणाले, लोलक काढला तर नजर पुन्हा जुळवावी लागेल, कडी फिरवावी लागतील. मी तूर्त नको म्हटलं. जाळं अजून मधोमध आलेलं नाही. दुर्बीण हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी असते. तिची कातडी केस मात्र बाहेर, वेगळी ठेवते. ओल धरणारं ते कातडंच बुरशीचं माहेर.