कोकण डाव्या हाताला

केटूएस कधी सिंहगडाहून कात्रजला उलटं केलंय? बहुतेकांचं उत्तर 'नाही' असंच येईल. कात्रजचा जुना बोगदा, शनिवारची रात्र, टेकड्यांमागून टेकड्या आणि पहाटे सिंहगड, दिशा ठरलेली. कुणी ठरवली, का ठरवली, विचारायचं नाही. राजगड-तोरण्याचंही तसंच. तोरण्याहून राजगडाला जाणारे असतात, पण बहुतेक मंडळी राजगडच निघायला पसंत करतात.

एका रात्रीच्या नाहीतर वीकेण्डच्या ट्रेकला हे चालून जातं. यंदा मात्र हातात अख्खा डिसेंबर आहे. बिनपगारी रजा. एचआरनं 'पर्सनल रीझन्स' असं लिहून मंजूर केलेली, आणि परत मागितली तर मिळणार नाही हे न लिहिता समजलेली. बेत असा : प्रतापगड ते कळसूबाई, सह्याद्रीचा घाटमाथा धरून. सरळ रेषेत दोनशे किलोमीटरही भरत नाही. पण सह्याद्रीत सरळ रेषा फक्त नकाशावर असते. आमच्या हिशेबानं चाल साडेतीनशेच्या आसपास जाते.

प्रश्न एवढाच, की प्रतापगडाहून निघायचं की कळसूबाईहून?

अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन ट्रेलवाल्यांना हा प्रश्न आमच्यापेक्षा सोपा आहे. साडेतीन हजार किलोमीटरची खुणा केलेली वाट. बहुतेक जण वसंतात दक्षिणेला जॉर्जियातून निघतात, कारण उत्तरेचं शेवटचं शिखर, कटाडिन, ऑक्टोबरच्या मध्यानंतर हिवाळ्याच्या तावडीत जातं. तिथे ऋतू दिशा ठरवतो. आपल्याकडे नर्मदा परिक्रमेत श्रद्धा ठरवते : नदी कायम उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही. खंड परिक्रमा करणारे एक-एक टप्पा उरकतात, पण उलटे फिरत नाहीत. वारीत तर लाखो माणसं एकाच दिशेनं चालतात. पालख्या परतही येतात, पण त्या परतीला गर्दी नसते.

घाटमाथ्याला असा नियमच नाही, कारण त्यावरून लांबीनं कुणी जातच नव्हतं. जुन्या वाटा सगळ्या आडव्या. नाणेघाटातून कोकणातला माल जुन्नरकडे चढायचा, तिथल्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे. बोरघाट, ताम्हिणी, मढेघाट, वरंधा, पारघाट... माणसं कोकणातून देशावर आली नाहीतर देशावरून कोकणात उतरली. एकदा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईत, मी एका मामांना विचारलं, "मामा, उत्तरेकडची वाट कुठली?" त्यांनी माझ्याकडे जरा कीव करून बघितलं. "उत्तर-बित्तर आपल्याला ठावं नाय. वर जायाचं का खाली?"

तर मग आम्हीच ठरवायचं. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी ट्रेकमधली मैत्रीण. तिला रजा दोनच आठवडे, तीही डिसेंबरच्या उत्तरार्धात. म्हणजे दिशा कुठलीही असो, ती मला निम्म्या वाटेवर भेटणार. आणि निम्मी वाट म्हणजे नेमकं कुठे? नकाशावर बोट ठेवून बघा : लोणावळा.

इथे एक कबुलीजबाब देणं भाग आहे. २०२२ च्या डिसेंबरात हाच ट्रेक मी एकट्यानं सुरू केला होता. प्रतापगडाहून उत्तरेकडे. महाबळेश्वर, कोळेश्वर, रायरेश्वर, मग वेल्ह्याचा मुलूख, ताम्हिणी, कोरीगड. चौदाव्या दिवशी लोणाव‌ळ्यात पोचलो. मोबाइल चार्ज करायचा होता, बुटाचा सोल सुटला होता, आणि समोर शिवाजीनगरची लोकल उभी होती. दीड तासात पुणं. म्हटलं, एक रात्र घरी झोपू, सकाळी परत. सकाळी आईनं पोहे केले. दुपारी ऑफिसचे मेल बघितले. संध्याकाळी पाऊस नाही, दुखापत नाही, कसलंही निमित्त नाही, आणि तरी मी गेलो नाही. मित्रांना 'गुडघा' सांगितला.

म्हणून या वेळी मी हट्टाला पेटलो होतो : उलटं जायचं! बारी गावातून कळसूबाई चढून सुरुवात, आणि दक्षिणेकडे. माझा युक्तिवाद तयार होता. उत्तरेचा भाग उघडाबोडका, कातळाचा. पाऊस थांबला की ओढे पहिले तिथे आटतात, तर तो आधी उरकावा. शिवाय महाबळेश्वरहून पुण्याची एसटी थेट.

"पाण्याचं मला सांगू नकोस," ती म्हणाली. "उत्तरेत गावं आहेत. रोज एखादी विहीर लागते. हरिश्चंद्रगडावर टाकी आहेत. आणि सूर्याचं काय?"

सूर्याचा मी विचारच केला नव्हता. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांच्या वर चढत नाही, आणि तोही दक्षिणेला. दक्षिणेकडे चालायचं म्हणजे महिनाभर ऊन थेट डोळ्यांत. उत्तरेकडे निघालात की ते सॅकवर पडतं. सावली पुढे, वाट नीट दिसते. झाड नसलेल्या पठारावर सहा तास चालून बघा, या एका मुद्द्याचं वजन कळेल.

मग पायांचा प्रश्न. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. रतनगड, हरिश्चंद्रगड सगळे तिकडेच. पहिल्या आठवड्यात शहरी पाय आणि भरलेली सॅक घेऊन हे चढायचं, की पंधरा दिवस पाय तयार झाल्यावर? थंडीचाही हिशेब तिनं मांडला. हरिश्चंद्रगडावरची डिसेंबरअखेरची रात्र हाडं गोठवते खरी, पण जाड स्लीपिंग बॅग ती निम्म्यावर घेऊन येईल. मला प्रतापगडापासून वाहायला नको.

दक्षिणेला कोयनेत का शिरत नाही, असं एका मित्रानं विचारलं. तिकडे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, परवानगीशिवाय पाऊल नाही. आणि रायगड? रायगड मुख्य धारेपासून सुटा, खाली कोकणाच्या बाजूला. बोराट्याची नाळ उतरून, लिंगाण्याला वळसा घालून तिकडे जायचं म्हणजे दोन-तीन दिवस वाढणार. तो सोडताना खरंच जिवावर आलं.

शेवटी तिनं ठेवणीतला मुद्दा काढला. "तुला दिशा नाही बदलायची. तुला लोणावळा टाळायचाय." मी गप्प. कॉफी गार झालेली. "आणि कळसूबाईहून निघालास तरी लोणावळा मध्येच येणार ना! तीच लोकल, तेच पोहे. वर मला दक्षिणेचा अर्धा भाग मिळणार, जो मी तीनदा केलाय. कोकणकडा मी अजून बघितलेला नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिशा उलटी केल्यानं दक्षिणेचा भाग शेवटी आला असता, म्हणजे उत्तरार्धात मी पुन्हा ओळखीच्याच वाटेवर असतो. जी वाट २०२२ मध्ये राहिली, ती लोणाव‌ळ्यापासून उत्तरेची. राजमाची, भीमाशंकर, नाणेघाट, आणि माळशेजच्या पलीकडचं सगळं.

तर ठरलं. एक डिसेंबरला प्रतापगड, तोंड उत्तरेला, कोकण महिनाभर डाव्या हाताला. दाट कारवीत वाट हरवली तर डावीकडे दरी शोधायची, एवढी एक खूण पुरे. नर्मदेवाल्यांची उजवी बाजू, आमची डावी.

एक बदल तेवढा केलाय. भेट लोणाव‌ळ्यात नाही. सोळा तारखेला ती राजमाचीवर, उधेवाडीत थांबेल, जाड स्लीपिंग बॅग आणि नव्या बुटांसकट. मी गावातून चालत थेट पुढे जायचं, स्टेशनच्या रस्त्याला वळायचं नाही. चिक्कीसुद्धा तीच आणणार.

आणि फ्लॅटची किल्ली मी शेजारच्या काकूंकडे ठेवतोय. आई यंदा डिसेंबरभर मावशीकडे आहे. काकूंना सांगून ठेवलंय, एकतीस तारखेच्या आधी मी दारात दिसलो तर किल्ली द्यायची नाही. "आणि गुडघा दुखतोय म्हणालास तर?" त्यांनी विचारलं. म्हटलं, तर अजिबातच नाही.