अंकासाठी लेख मागताना

हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात कॅमेरा प्रत्येकाजवळ असतो. लेखणी मात्र कोणीच हाती धरायला तयार नसतो. "फादर, जे सांगायचे ते फोटोत आलेच की!" हे उत्तर गेल्या १२ वर्षांत मी इतक्या मुखांतून ऐकले आहे की आता ते पुरते उच्चारले जाण्यापूर्वीच मी मान डोलावतो. आमच्या तालुक्यातील मंडळाने त्रैमासिक काढावयाचे ठरविले तेव्हा संपादनाचे काम माझ्याकडे आले. त्यामागे माझ्या छायाचित्रांची थोरवी नव्हती. दर रविवारी जो मनुष्य १५ मिनिटे न अडखळता बोलतो त्याच्यापाशी शब्दांचा साठा असणारच, असा सभासदांचा सरळ हिशेब होता.

अंक ३२ पानांचा. त्यातील निम्मी पाने छायाचित्रांची, चार जाहिरातींची, दोन मंडळाच्या वृत्तांताची. उरलेल्या दहा पानांसाठी लेख हवेत. वाचकहो, ही दहा पाने भरणे कठीण नाही. ती वाचली जातील अशी भरणे कठीण आहे. न मागता जे येते त्याचा साचा आता मला पाठ झाला आहे. चौकटीचे तीन भाग कसे पाडावेत आणि मुख्य विषय मध्यभागी का ठेवू नये, यावरचा लेख दर अंकासाठी निदान एक तरी येतो. तो कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतून उतरविलेला असतो. लडाखच्या सहलीचा वृत्तांत येतो. त्यात उपाहारगृहांची नावे असतात, प्रकाशाचा उल्लेख नसतो. अलीकडे संगणकाकडूनच लिहवून घेतलेले लेखही येऊ लागले आहेत. त्यांत ऱ्हस्वदीर्घाची चूक नसते, वाक्ये गुळगुळीत असतात. पण लेखक कोठे उभा होता, ऊन होते की पाऊस, त्याचे काय बिघडले, याचा पत्ता लागत नाही. मी लेख हाती घेतला की एकच गोष्ट शोधतो: जी केवळ याच माणसाला ठाऊक असू शकेल अशी एक तरी ओळ त्यात आहे काय? असेल तर भाषा मी सावरतो. नसेल तर ‘साभार परत’.

जुन्या काळच्या मंडळांना ही विवंचना इतकी नसावी. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने स्थापनेच्याच वर्षी, १८५३ साली, आपले नियतकालिक सुरू केले. सभेत सभासद निबंध वाचीत, तेच पुढे छापले जात, आणि त्यांवर पत्रे येत. आपल्या मुंबईत १८५४ साली अशीच सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे एक सभासद होते. तिनेही १८५५ पासून स्वतःचे नियतकालिक काढले. पुढे १८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी हिंदुस्थानातील हौशी छायाचित्रकारांसाठी एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्याचे २४ अंक निघाले, आणि प्रत्येक अंकात तीन अस्सल छायाचित्रे व त्यांचे वर्णन असे. त्या पिढीला विषय शोधत हिंडावे लागत नव्हते, कारण प्रत्येकाच्या हातात एक बिघडलेली काच होती. कलोडियनचा लेप ओला असतानाच चित्र घेऊन ते धुवावे लागे, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात तो लेप पाहता पाहता सुकून जाई. ‘माझे असे झाले, तुमचे काय होते?’ या प्रश्नातून लेख जन्माला येई.

त्यातून मी एक रीत उचलली. आता मी कोणाकडे लेख मागत नाही, अडचण विचारतो. आमच्या एका सभासदाला मिठागरांवर उतरणाऱ्या पक्ष्यांचा नाद आहे. तीन वर्षे मागूनही त्याने एक ओळ दिली नव्हती. एका पावसाळ्यात मी सहज विचारले, "तुझ्या त्या मोठ्या भिंगाचे काय झाले?" तो पाऊण तास बोलला. किनाऱ्यावरच्या दमट हवेत भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी कशी धरली, चामड्याची पेटी ओल कशी धरून ठेवते, तांदळाच्या डब्यात भिंग ठेवण्याचा घरगुती उपाय धुळीमुळे कसा अंगाशी आला, आणि शेवटी हवाबंद डबा व ओल शोषणाऱ्या पुड्या यांवर तो कसा स्थिरावला, हे सर्व मी लिहून घेतले. त्याच्या नावाने ते छापले तेव्हा सर्वांत आश्चर्य त्यालाच वाटले. लेखाचा पहिला परिच्छेद मात्र मी कापला. हौशी लेखकाचा पहिला परिच्छेद बहुधा घसा खाकरण्यात जातो.

लेख मिळविणे हे असे गोडीगुलाबीचे काम आहे. निवडणे तसे नाही. ज्याचा लेख परत करावयाचा तो पुढच्या बैठकीत समोरच्या खुर्चीवर बसलेला असतो. माझ्या बाबतीत तर रविवारच्या रांगेतही तो माझ्यासमोर येतो.

या पेचाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तेथील दोन हौशी मंडळे १८९६ साली एक झाली आणि ‘कॅमेरा क्लब ऑफ न्यूयॉर्क’ उभा राहिला. आल्फ्रेड स्टीग्लित्झ यांना अध्यक्षपद देऊ केले होते. त्यांनी ते नाकारले आणि मंडळाचे प्रकाशन तेवढे मागून घेतले, तेही पूर्ण अधिकारानिशी. जुलै १८९७ मध्ये ‘कॅमेरा नोट्स’ या त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला. सभासदांना ते वर्गणीतच मिळे. स्टीग्लित्झ यांनी त्यात उत्तम छपाईची चित्रे घातली. केवळ छायाचित्रकारांवर न विसंबता त्यांनी सादाकिची हार्टमन यांच्यासारख्या कलासमीक्षकाकडून लेख मिळविले. हे हार्टमन जपानी मातेचे आणि जर्मन पित्याचे पुत्र, नागासाकीला जन्मलेले. बाहेरची एक तीक्ष्ण नजर मंडळाच्या अंकाला हवीच असते. हा धडा मी त्यांच्याकडून घेतला आहे.

परंतु कुरकुर सुरू झाली. पैसे आमचे, मंडळ आमचे, आणि पाने मात्र परक्यांची, असे सभासद म्हणू लागले. १९०२ साली स्टीग्लित्झ यांनी संपादन सोडले; ‘कॅमेरा नोट्स’ त्यानंतर फार जगले नाही. १९०३ पासून त्यांनी ‘कॅमेरा वर्क’ हे स्वतःचे नियतकालिक काढले. आता विचारणारे कोणी नव्हते. १९१२ च्या ऑगस्टमधील विशेषांकात त्यांनी गर्ट्रूड स्टाइन या तेव्हा फारशा परिचित नसलेल्या लेखिकेचे मातीस आणि पिकासो यांच्यावरील शब्दचित्रण छापले. छायाचित्रांच्या वर्गणीदारांना ते कितपत कळले असेल, याची कल्पना करावी. आरंभी सुमारे हजार असलेले वर्गणीदार १९१७ साली शेवटच्या अंकापर्यंत चाळिसांच्याही आत आले. छायाचित्रणाच्या इतिहासात त्या अंकांची जागा अढळ आहे, यात शंका नाही. तरीही माझे मत विचाराल तर कुरकुरणाऱ्या सभासदांना मी निव्वळ अडाणी म्हणणार नाही. संध्याकाळी कामावरून येऊन अंधारखोलीत शिरणाऱ्या त्या माणसांना आपल्या अंकात आपले घर दिसेनासे झाले होते.

आमच्याही समितीत हाच प्रश्न एकदा उभा राहिला, पण उलट्या बाजूने. १९ ऑगस्टच्या छायाचित्रण दिनाच्या अंकात एका लेखाची जागा होती आणि लेख दोन होते. एक शहरातील नामवंत व्यावसायिक छायाचित्रकाराचा: सफाईदार, सचित्र, आणि त्यांच्या ओळखीने पूर्ण पानाची जाहिरातही येणार होती. दुसरा आमच्याच गावातील एका वृद्ध स्टुडिओवाल्यांचा. त्यांनी तो मला त्यांच्या बोलीत सांगितला होता आणि मी उतरवून घेतला होता. विषय होता मयताचे फोटो.

आपल्या वडीलधाऱ्यांना ही रीत आठवत असेल. घरी कोणी वारले की पाद्रीबाबांबरोबरच फोटोवाल्यालाही बोलावणे जाई. शवपेटीची उशाकडची बाजू थोडी उचलून ठेवायची, म्हणजे चेहरा दिसतो. भोवती मुले, सुना, नातवंडे उभी करायची. त्यांच्याकडे याशिका-मॅट कॅमेरा होता. तो छातीशी धरून वरून आत पाहावे लागते. "सगळे लोक मयताकडे बघून मान खाली घालीत, मी कामासाठी घाली. कोणाला फरक कळत नसे," असे त्यांनी सांगितले. रोल बारा फोटोंचा. त्यातील तीन-चार मयताला, उरलेले पुढच्या लग्नाला. घरात वीज नसे, म्हणून पेटी दाराच्या उजेडात आणून ठेवायची. काही घरांतून नंतर मागणी येई की आईचे डोळे उघडे करून द्या. कारण त्या आईचा जिवंतपणीचा एकही फोटो नसे. मग ते बारीक कुंचल्याने छापील प्रतीवर डोळे रंगवीत. आणि डोळे कसे होते, हे विचारायला पुन्हा त्या घरी जात.

समितीत या लेखाला विरोध झाला. आनंदाच्या अंकात प्रेते कशाला, असे एकाने म्हटले. दुसऱ्याने जाहिरातीचा आकडा सांगितला. तिसऱ्याचा आक्षेप खरा होता: ही चित्रे कोणाची? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क प्रथम काढवून घेणाऱ्याचा असतो. कायदा नसता तरी दुसऱ्याच्या घरातले दुःख न विचारता छापणे शोभले नसते. तेव्हा निवडलेली पाच चित्रे घेऊन मी पाच घरी गेलो. एका घराने नकार दिला. चहा दिला, चित्र बराच वेळ पाहिले, आणि "नको, फादर" म्हटले. ते चित्र आम्ही घेतले नाही. एका घरी थोरल्या मुलाने हो म्हटले आणि धाकट्या बहिणीने नाही. तेही चित्र बाजूला राहिले. उरलेल्या तिघांनी लेखी संमती दिली.

लेख तीन चित्रांसह छापला. भाषेला मी फार हात लावला नाही. ‘मयत’ खोडून ‘अंत्यविधी’ करावे, अशी सूचना आली होती. ती मानली नाही. शहरातील गृहस्थांना मी पुढच्या अंकाची जागा देऊ केली, पण त्यांनी लेख परत मागितला, आणि तो अंक २८ पानांचाच निघाला. दोन सभासदांनी त्या वर्षी वर्गणी भरली नाही. त्यांपैकी एक अजून माझ्याशी तुटक बोलतो.

अंक निघाल्यावर महिनाभराने ज्या घराने चहा दिला होता त्या घरच्या बाई मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबल्या. छापायला नको, पण त्या फोटोतला केवळ आईचा चेहरा मोठा करून मिळेल काय, असे त्यांनी विचारले. स्टुडिओवाल्यांकडे ती निगेटिव्ह नाव आणि तारीख लिहिलेल्या लिफाफ्यात नीट ठेवलेली होती; चित्र मोठे करायचे यंत्र मात्र कधीच मोडीत गेले होते. मंडळातील एका अभियांत्रिकीच्या मुलाने ती निगेटिव्ह संगणकावर घेतली आणि तिच्यावरचे ओरखडे एकेक करून भरून काढले. त्याला चार रात्री लागल्या. डोळे मिटलेलेच ठेवायचे, असे बाईंनी आधीच सांगितले होते. ते ओरखडे कसे काढले आणि कोठे थांबायचे हे कसे ठरविले, यावर नाताळच्या अंकासाठी त्याने लिहावे म्हणून सध्या मी त्याच्या मागे लागलो आहे.