हरणाऱ्या टीमचा माणूस

परवा कपाट आवरताना लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचा लोकरीचा मफलर हाती आला. "आई, सांगलीत हा कधी घालणार तू?" असं लेकीने तेव्हा विचारलं होतं. खरंय, इथे एवढा जाड मफलर कशाला लागतो! पण तो मी कुणाला देणार नाही. का, ते आज सांगते.

२०१६ च्या सप्टेंबरात मी मेलबर्नला लेकीकडे गेले होते. ती फुटस्क्रे भागात राहते. ही पूर्वी कारखान्यात आणि गोदीत राबणाऱ्यांची वस्ती. शेजारी एक बहात्तर वर्षांचे गृहस्थ एकटे राहत. माझी नात त्यांना 'पॉप' म्हणे, म्हणजे आजोबा. मग मीही पॉपच म्हणू लागले.

तिकडे फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत आहे तो नव्हे बरं का! क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर हिवाळ्यात खेळतात, एका बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. म्हणजे चुकलात तरी एक गुण मिळतो! मास्तरीण म्हणून मला हा नियम फार आवडला.

आणि प्रत्येक क्लबाचं स्वतःचं गाणं. सामना जिंकला की खेळाडू गोल करून, गळ्यात गळे घालून ते गातात. चाली बहुतेक उसन्या. जिलाँग क्लबाचं गाणं तर 'कार्मेन' या ऑपेरातल्या चालीवर. आपल्याकडे भजनाला नाट्यगीताची चाल लावतात, तसंच म्हणा ना.

पॉपची टीम म्हणजे पूर्वीचं फुटस्क्रे, आता वेस्टर्न बुलडॉग्ज. १९२५ पासून मोठ्या स्पर्धेत खेळणाऱ्या या टीमने तोवर अजिंक्यपद जिंकलं होतं एकदाच, १९५४ साली. तेव्हा दहा वर्षांचे पॉप वडिलांबरोबर एमसीजीवर हजर होते. १९६१ साली टीम पुन्हा अंतिम सामन्यात पोचली आणि हरली. १९८९ साली तर हा क्लब दुसऱ्या क्लबात विलीन करायचं ठरलं होतं. लोकांनी डबे घेऊन दारोदार पैसे गोळा केले आणि तो वाचवला. त्या डबेवाल्यांत पॉपही होते.

२०१६ साली बुलडॉग्ज गुणतक्त्यात सातवे होते. तरी एकेक सामना जिंकत अंतिम फेरीत पोचले. १ ऑक्टोबरला शनिवारी दुपारी आम्ही सगळे पॉपच्या घरी जमलो. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि जुना रेडिओ लावला. रेडिओ चित्राच्या थोडा पुढे होता. त्यामुळे आम्हाला आधी ऐकू यायचं, मग दिसायचं. शेवटच्या डावात टॉम बॉइडने लांबून मारलेला चेंडू टप्पे खात खांबांतून गेला. तो टीव्हीवर दिसण्याआधीच पॉप उभे राहिले होते. सिडनीला ८९-६७ हरवलं, बासष्ट वर्षांनी!

मला वाटलं, आता हे रडणार. पण नाही. बक्षीस समारंभात प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने स्वतःचं पदक काढून कप्तान बॉब मर्फीच्या गळ्यात घातलं. मर्फी मोसमाच्या सुरुवातीलाच गुडघा दुखावल्यामुळे खेळूच शकला नव्हता. ते पाहून मात्र पॉपनी तोंडावर हात घेतला.

मग त्यांनी आतून एक पातळ पुस्तिका आणली, १९५४ च्या अंतिम सामन्याची. समासात त्यांच्या वडिलांनी पेन्सिलीने गुण मांडले होते. अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

मंडळी, ती पेन्सिल पाहिली आणि मला तिथे बसवेना. आमच्या ह्यांच्या अशाच वह्या होत्या. १९७७-७८ साली बेदीची टीम ऑस्ट्रेलियात होती, तेव्हा हे भल्या पहाटे उठून, कानाला रेडिओ लावून, शाळेच्या उरलेल्या वह्यांत धावा लिहीत. मी चिडायची. "त्यापेक्षा पाणी भरा," म्हणायची. २०११ साली हे गेले. दोन महिन्यांनी मी घर आवरलं आणि त्या सगळ्या वह्या रद्दीत दिल्या. एकही उघडून पाहिली नाही.

हे मी आजवर लेकीलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या मोडक्या इंग्रजीत पॉपना सांगितलं. ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शेवटची टेस्ट ॲडलेडला होती. तुम्हाला ४९३ हवे होते. तुम्ही ४४५ केलेत. आम्ही ४७ धावांनी जिंकलो, पण घाबरलो होतो." उन्हाळ्यात क्रिकेट ऐकणारा माणूस तो! ज्या सकाळी हे आमच्या स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून बसले होते, त्याच वेळी हेही तिकडे ऐकत होते.

४४५. मला एकदम आठवलं, त्या दिवशी हे चहा न पिताच ऑफिसला गेले होते.

निघताना पॉपनी मफलर दिला. २०२१ साली बुलडॉग्ज पुन्हा अंतिम सामन्यात पोचले आणि मेलबर्नकडून ७४ गुणांनी सपाटून हरले. १९५४ साली त्यांनी हरवलं होतं, तेच हे मेलबर्न. मी लगेच लेकीला फोन करून विचारलं, पॉप कसे आहेत? ती म्हणाली, "आई, ते म्हणतात, त्या लोकांनीही सत्तावन्न वर्षं वाट पाहिली होती, मिळू दे त्यांना."

मी एक नवी वही आणली आहे. क्रिकेटमधलं मला अजूनही फारसं कळत नाही. पण भारत ऑस्ट्रेलियात खेळत असला की पहाटे उठते आणि धावा लिहिते. पाणी नंतर भरते.